सम्राटांचे बावर्ची : तोकुझो अकियामा

आपला मुलगा शिकून साहेब व्हावा, असे प्रत्येक आईबापाला वाटते. पण तोच मुलगा बावर्ची होईन म्हणाला, तर घरात मातम पसरतो. अशा पालकांनी जपानच्या तोकुझो अकियामा यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

तोकुझो यांचा जन्म १८८८ साली फुकुई प्रांतातील ताकेफु गावी झाला. मुलगा भारी खोडकर. भिक्षू होण्याचा हट्ट धरून तो लहानपणी बौद्ध मठात गेला. पण खोड्यांमुळे त्याला घरी परत धाडण्यात आले. पुढे एका लष्करी छावणीच्या मुदपाकखान्यात त्याला पाश्चात्त्य जेवणाची गोडी लागली आणि आयुष्याची वाट सापडली. सोळाव्या वर्षी त्याने टोकियो गाठले. तेथील नामांकित भोजनगृहांत काम शिकून १९०९ साली, ऐन विशीत, तो युरोपात गेला. बर्लिन आणि पॅरिस येथील मोठ्या हॉटेलांत, परक्या माणसांत राहून त्याने फ्रेंच पाककला आत्मसात केली.

१९१३ साली मायदेशी परतल्यावर अकियामा राजवाड्याच्या सेवेत रुजू झाले. १९१५ साली सम्राट तैशो यांच्या राज्यारोहणानिमित्त क्योतो येथे सुमारे दोन हजार पाहुण्यांची मेजवानी झाली. सूपसाठी दूरच्या होक्काइदोहून गोड्या पाण्यातील हजारो जिवंत शेवंडे आणली होती. ती पळाली! अकियामांनी धीर न सोडता सहकाऱ्यांसह कोनाकोपरा धुंडाळून ती पुन्हा गोळा केली. मेजवानी यथासांग पार पडली.

१९१७ साली ते राजवाड्याचे मुख्य पाकप्रमुख झाले. १९२३ साली त्यांनी फ्रेंच पाककलेवर मोठा ग्रंथ लिहून आपली विद्या सर्वांसाठी खुली केली. महायुद्ध, पराभव, अन्नटंचाई असे सारे पाहत त्यांनी १९७२ पर्यंत सेवा केली. १९७४ साली ते निवर्तले. त्यांच्या जीवनावर १९७९ साली कादंबरी निघाली आणि तिच्यावरून १९८० व २०१५ साली दूरदर्शन मालिका झाल्या.

विद्यार्थी मित्रांनो, मठातून परत आलेला मुलगा वाया गेला असे गावाला वाटले असेल. पण हाती घेतलेले काम तो मुळापासून शिकला, त्यासाठी सातासमुद्रापार गेला. पालकहो, हलालाच्या कमाईचा कोणताही हुन्नर हलका नसतो. अर्धवट शिकलेला हुन्नर मात्र हलकाच ठरतो. मुलाचा ओढा ओळखा आणि त्याला त्यातले पुरते शिक्षण द्या.