ज्याँ पियाजे : चुकलेल्या उत्तरांमागे गेलेला माणूस

शिक्षक मित्रांनो, डी.एड.ला असताना पियाजे आपण सगळ्यांनीच पाठ केला. बोधात्मक विकासाच्या चार अवस्था, त्यांची वयं, की झाला पियाजे. परीक्षा संपली आणि विसरलो. माझंही तसंच. मग एकदा तिसरीच्या वर्गात एका मुलानं चारशे दोन ही संख्या ४००२ अशी लिहिली. मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ४००२. शेवटी जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं, तो आधी चारशे लिहितो आणि त्याला जोडून दोन लिहितो. ऐकलं तसंच लिहिलं होतं बिचाऱ्यानं! तेव्हा पियाजे परत आठवला. म्हणून आज त्या चार अवस्था बाजूला ठेवू आणि माणसाकडे बघू.

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ चा, स्वित्झर्लंडमधल्या नशाटेल गावचा. वडील मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक. पोराला मात्र पक्षी आणि गोगलगायी यांचं वेड. अंगावर पांढरी पिसं असलेली एक चिमणी बागेत दिसली, तर १९०७ साली, म्हणजे आपल्याकडच्या पाचवीतल्या मुलाच्या वयात, त्यानं तिच्यावर टिपण लिहून छापून आणलं. शाळा सुटल्यावर गावच्या संग्रहालयात जाऊन शंखशिंपल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. पुढे १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळाली, तीही याच मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासावर. मानसशास्त्राची पदवी या माणसाकडे नव्हती, हे लक्षात ठेवा.

१९१९ मध्ये ते पॅरिसला गेले. बुद्धिमापन चाचणी बनवणारे आल्फ्रेड बिने तेव्हा हयात नव्हते. त्यांचे सहकारी थिओडोर सिमोन यांनी पियाजेंना एक काम दिलं. इंग्लंडमधल्या सिरिल बर्ट यांच्या तर्काच्या चाचण्या पॅरिसच्या मुलांना द्यायच्या आणि कोणत्या वयात किती उत्तरं बरोबर येतात ते मोजायचं. काम तसं कंटाळवाणं. पण पियाजेंचं लक्ष बरोबर उत्तरांवरून उडालं आणि चुकलेल्यांवर गेलं. एकाच वयाची मुलं एकाच प्रकारे चुकत होती. मोठी मुलं तशी चुकत नव्हती. म्हणजे लहान मुलाला कमी कळतं असं नाही, त्याला वेगळ्या रीतीनं कळतं. मग ते गुण देणं सोडून मुलांशी गप्पा मारायला लागले. तुला असं का वाटलं, हा त्यांचा प्रश्न. मूल बोलेल तसा पुढचा प्रश्न बदलायचा. त्यांची सगळी पद्धत यातूनच उभी राहिली.

१९२१ मध्ये जिनिव्हाच्या रूसो संस्थेत क्लापारेद यांनी त्यांना बोलावून घेतलं. तिथल्याच विद्यार्थिनी व्हॅलेंटीन शातने यांच्याशी १९२३ मध्ये लग्न झालं. मग जॅकलीन, ल्युसिएन आणि लॉराँ ही तीन मुलं, आणि घराचीच प्रयोगशाळा झाली. दहा महिन्यांच्या जॅकलीनच्या हातातला खेळण्यातला पोपट घेऊन तिच्यादेखत गादीच्या डाव्या बाजूखाली लपवला, तिनं शोधला. मग तिच्या डोळ्यांसमोर उजवीकडे लपवला, तरी ती डावीकडेच शोधत राहिली! आई-वडील दोघंही हे टिपून ठेवत. व्हॅलेंटीनबाईंचं नाव मात्र आपल्या पुस्तकांत येत नाही, हे मला खटकतं.

आता पालकांसाठी. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्या, मुलाकडून सारखं असल्याची खात्री करून घ्या. मग एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओता. चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा बाटलीत जास्त पाणी आहे म्हणेल. तुम्ही लगेच दुरुस्त करू नका, फक्त कारण विचारा. ते उंचीकडे बोट दाखवेल. उंची आणि रुंदी यांचा एकदम हिशोब त्याला अजून जमत नसतो.

त्या काळात अमेरिकेत वर्तनवादाचं राज्य होतं. दिसतं तेवढं वर्तन मोजा, मनाचं नाव काढू नका, असा खाक्या. मनात विचार कसा घडतो याकडे तिथले मानसशास्त्रज्ञ १९५०-६० च्या सुमारास वळले, तेव्हा पियाजे तीस-चाळीस वर्षं तेच करत बसलेले होते. मग ते तिकडेही वाचले जाऊ लागले. पण अमेरिकेत गेले की एक प्रश्न ठरलेला: मुलांना या अवस्थांमधून लवकर कसं पुढे न्यायचं? त्यांना या घाईचं नवल वाटे. ज्युनिअर केजीत पानंच्या पानं गिरवून घेणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

पियाजेंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांच्याच वर्षी जन्मलेल्या रशियातल्या व्हायगॉट्स्की यांनी आक्षेप घेतला, की मूल स्वतःशी बडबडतं तेव्हा ते विचारच करत असतं. पियाजेंनी त्या बडबडीला कमी लेखलं. पुढे मार्गारेट डोनाल्डसन यांनी दाखवलं, की प्रश्न मुलाला कळेल अशा गोष्टीत घालून विचारला तर लहान मुलंही जास्त बरोबर उत्तरं देतात. गंमत बघा, पियाजेंच्या प्रश्नांचीच ही उलटतपासणी!

१६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हात ते गेले, वय ८४. गोगलगायी आणि झाडांचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. सत्तरीच्या घरात, १९६६ साली, त्यांनी एक निबंध छापला. विषय होता सेडम या मांसल पानांच्या झाडाच्या फांद्या कशा गळतात.