सिंधूकाठचे झुलेलाल, उल्हासकाठचा चेटीचंड

पाडव्याची गुढी आम्ही उतरवून ठेवतो न ठेवतो, तोच अंबरनाथात शेजारच्या उल्हासनगरचा ढोल ऐकू येऊ लागतो. चैत्र शुद्ध द्वितीयेची चंद्रकोर म्हणजे सिंधी बांधवांचा चेटीचंड. त्यांचा वर्षारंभ आणि त्यांच्या झुलेलालांची जयंतीही. शके ९८२ चा शिलालेख असलेल्या शिवालयाच्या या गावी कीर्तनसेवा करणारे आम्ही ती मिरवणूक वर्षानुवर्षे पाहत आलो. परंतु मत्स्यावर आरूढ झालेला तो शुभ्र दाढीचा वृद्ध कोण, हे आमच्या श्रोत्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? म्हणून आज हे चरित्र.

परंपरा सांगते की, सिंधमधील ठट्टा नगरीच्या मिर्खशहा नामक शासकाने हिंदू प्रजेस धर्मांतराची आज्ञा केली. प्रजेने मुदत मागून घेतली व सिंधूच्या तीरावर चाळीस दिवस उपोषणपूर्वक वरुणदेवाची आराधना केली. नदीतून आश्वासन मिळाले आणि विक्रम संवत १००७ मध्ये नसरपूर येथे रतनराय व देवकी यांच्या पोटी पुत्र जन्मास आला. मातेचे नाव देवकीच असावे, याचे आम्हां कीर्तनकारांस मोठे कौतुक वाटते! बालकाचे नाव उदयचंद. लोक त्यास उडेरोलाल म्हणत. त्याचा पाळणा आपोआप झुले, म्हणून तो झुलेलाल.

शासकाचा मंत्री अहिरियो विषारी फूल घेऊन आला. बालकाच्या श्वासाने ते उडून गेले. त्याच मुखावर मंत्र्यास क्षणात तारुण्य व क्षणात पिकलेली दाढी दिसली. पुढे मुलास आईने उकडलेले कोहर विकावयास धाडले. मुलगा ते नदीस अर्पण करी आणि सायंकाळी उत्तम तांदूळ घेऊन घरी परते. अखेरीस अग्नी व जलाच्या प्रकोपाने मिर्खशहा शरण आला. झुलेलालांनी त्याचा सूड घेतला नाही. हिंदू व मुसलमान दोघांस समभावाने वागविण्याचे वचन तेवढे घेतले. आमच्या मते सर्व चमत्कारांहून ही गोष्ट मोठी. मटियारी जिल्ह्यातील उडेरोलाल गावी आजही मंदिर व दर्गा एकाच आवारात आहेत. मुसलमान भाविक त्यांस शेख ताहिर म्हणून पूजतात.

ही कथा राजदप्तरातील नव्हे, लोकमुखातील आहे, हे सांगितलेच पाहिजे. आता पुढचे मात्र सर्व इतिहासातले. १९४७ साली फाळणी झाली. ज्यांचा देवच नदी, त्यांची नदी सीमेपलीकडे राहिली. कल्याणजवळ महायुद्धकाळी उभारलेल्या लष्करी छावणीत हजारो सिंधी कुटुंबे बराकींतून राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नगराची स्थापना झाली. त्यास नाव मिळाले तेही नदीचेच, उल्हासनगर.

घर गेले, शेत गेले, भाषेस स्वतःचा प्रांत उरला नाही. अशा विखुरलेल्या समाजास एकत्र आणण्यासाठी मटक्याच्या तालावर गाणारे प्राध्यापक राम पंजवाणी (१९११–१९८७) यांनी झुलेलालांचा उत्सव पुढे आणला. घराघरांतील व नदीकाठचे पूजन अशा रीतीने रस्त्यावरील महोत्सव झाले. दूरदेशीही असेच घडले आहे. आयर्लंडच्या संत पॅट्रिकाचा १७ मार्चचा दिवस अमेरिकेत गेलेल्या त्याच्या देशबांधवांनीच मिरवणुकीने गाजविला.

चेटीचंडाच्या दिवशी कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळे व नारळाचा कलश यांनी बहराणा साहेब सजतो. पुढे तरुण मंडळी काठ्यांच्या तालावर छेज नाचतात. गोड भाताचा, ताहिरीचा, प्रसाद वाटला जातो. सिंधूच्या प्रवाहाविरुद्ध वर चढणारा पल्ला मासा हे झुलेलालांचे वाहन. तो काही आमच्या नदीत नाही. तरी बदलापूरवरून वाहत येणाऱ्या या उल्हासेच्या पाण्यात ते आपली ज्योत सोडतात, आणि काठावरच्या वृद्ध माता पदर पसरून, थेट सिंधूपुढे पसरावा तसा, लेकराबाळांसाठी मागणे मागतात.