दंडावरचा ‘सी’

हॉस्टेलच्या नळावर उघड्याने आंघोळ करणाऱ्या कोणाचाही डावा दंड बघा. बीसीजीचा व्रण बहुतेक दिसेलच! त्यातला ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेत. जग त्याला क्षयाच्या लसीसाठी ओळखते. पण आपण चंद्रपूर-गडचिरोलीची मंडळी. आपला त्याच्याशी जुना संबंध आहे तो सापांमुळे.

जन्म १८६३, फ्रान्समधले नीस. नौदलात डॉक्टर झाला. १८९१ मध्ये पाश्चरच्या सांगण्यावरून सायगावला प्रयोगशाळा काढायला गेला. तिथे एका गावात पुराच्या पाण्यासोबत नाग घुसले, चाळीसेक लोकांना चावले, आणि काल्मेतकडे आला चक्क पिंपभर नाग! साहेबांनी विष काढले आणि जनावरांना चिमूट-चिमूट टोचत मात्रा वाढवत नेली. त्यांच्या रक्तात विषाला बांधून टाकणारे काहीतरी तयार झाले. ते काहीतरी म्हणजेच अँटीबॉडी. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये फिझालिक्स आणि बेर्त्रां यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले. पुढे घोड्यांपासून लस निघू लागली.

इथे मात्र गडी चुकला. नागावरचे हे औषध सगळ्याच सापांना चालेल, असे तो ठासून सांगत राहिला. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत (आजची हाफकिन) जॉर्ज लॅम्बने तपासले, तर घोणशीपुढे ते फुकट! कारण अँटीबॉडी म्हणजे एका कुलपाची एकच किल्ली. नागाचे विष श्वास बंद पाडते. घोणशीचे, म्हणजे आपल्याकडच्या परडीचे, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना इतके पळवते की ती संपूनच जातात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त. म्हणूनच ग्रामीण रुग्णालयात रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त ओघळले, तर लस ताबडतोब. वायरिंग नाही, मीटर नाही, काय टेस्ट आहे! आणि आपल्या देशातल्या बाटलीत आज चार किल्ल्या एकत्र असतात : नाग, मण्यार, घोणस, फुरसे.

काल्मेत पुढे लील शहरी गेराँसोबत क्षयाच्या जंतूंना १३ वर्षे पित्त लावलेल्या बटाट्यावर वाढवत बसला. १९२१ मध्ये बीसीजी पहिल्यांदा दिली गेली. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक गावी तीच लस दिलेली सत्तरहून अधिक बाळे दगावली. सगळ्यांची बोटे काल्मेतकडे. स्थानिक प्रयोगशाळेत लसीत खरे क्षयजंतू मिसळले होते, हे १९३२ च्या निकालात सिद्ध झाले. पण म्हातारा तोवर खचला होता. २९ ऑक्टोबर १९३३ ला तो पॅरिसमध्ये वारला.