ज्यूल फेरी : शाळेतला नागरिक आणि वसाहतीतली प्रजा

नागरिकशास्त्र हा शाळेच्या वेळापत्रकातील विषय आज इतका निरुपद्रवी वाटतो, की त्याच्या पुस्तकांवरून कधी काळी एक देश दुभंगला होता हे सहसा पटत नाही. तो देश फ्रान्स. आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी होते ज्यूल फेरी.

५ एप्रिल १८३२ रोजी व्होज पर्वतभागातील सां-दिए येथे त्यांचा जन्म झाला. व्यवसायाने ते वकील, मताने प्रजासत्ताकवादी. एप्रिल १८७० मध्ये पॅरिसमधील एका सभेत त्यांनी शिक्षणातील समता हेच आपले जीवितकार्य असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी प्रशियन सैन्याचा वेढा पडला. शहराला मोजून पाव वाटण्याचे अप्रिय काम फेरींकडे आले आणि उपाशी पॅरिसने त्यांच्या नावाला दुष्काळाचे बिरुद जोडले. लोकप्रियता त्यांच्या वाट्याला पुढेही फारशी आली नाही.

१८७९ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. १६ जून १८८१ च्या कायद्याने सार्वजनिक प्राथमिक शाळा निःशुल्क झाली. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे झाले. या दुसऱ्या कायद्याचे पहिलेच कलम खरे स्फोटक होते. नीती आणि धर्म यांच्या शिक्षणाऐवजी तेथे नीती आणि नागरिकत्व यांचे शिक्षण आले. धर्मशिक्षणासाठी रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवला होता, पण तेवढ्याने चर्चचे समाधान होणार नव्हते. पॉल बेर यांच्यासह चार लेखकांची नागरिकशास्त्राची पुस्तके रोमने निषिद्ध ठरवली, आणि वाद खेड्यांतील वर्गांपर्यंत पोचला. नोव्हेंबर १८८३ मध्ये फेरींनी शिक्षकांना पत्र लिहिले. वर्गात एखादा पिता बसला असता तर त्याला प्रामाणिकपणे आक्षेप घ्यावासा वाटेल असे काहीही मुलांपुढे बोलू नये, असा त्याचा आशय होता. इतका संयम फार थोड्या सुधारकांना साधला असेल.

मात्र हा संयम समुद्रापलीकडे पोचला नाही. निःशुल्क शाळेच्या कायद्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, २८ जून १८८१ रोजी, अल्जीरियातील मुस्लिम रहिवाशांना न्यायालयाविना शिक्षा करण्याचा अधिकार प्रशासकांना देणारा कायदा झाला. तेव्हा पंतप्रधान फेरीच होते. फ्रान्समधील मुलींनाही नागरिकत्वाचा धडा मिळाला, मताधिकार मात्र १९४४ मध्ये. तोंकिनच्या युद्धावरून मार्च १८८५ मध्ये त्यांचे सरकार कोसळले. त्याच जुलैमध्ये त्यांनी संसदेत वंशश्रेष्ठत्वाच्या आधारे वसाहतींचे समर्थन केले. क्लेमांसो यांनी त्याचा कठोर समाचार घेतला, आणि तो योग्यच होता.

१८८७ मध्ये फेरींवर गोळ्या झाडण्यात आल्या, ते बचावले. १८९२ मध्ये अल्जीरियाची पाहणी करणाऱ्या सिनेट-समितीचे नेतृत्व करताना तेथील युरोपीय वसाहतवाल्यांची अरेरावी त्यांनी जवळून पाहिली आणि तिच्यावर परखड टीका केली. वसाहतवादावरील त्यांची निष्ठा मात्र ढळली नाही. फेब्रुवारी १८९३ मध्ये ते सिनेटचे अध्यक्ष झाले आणि १७ मार्चला निवर्तले. १८७१ मध्ये गमावलेल्या आल्सासच्या सीमेवरील व्होजच्या निळ्या रांगेकडे तोंड करून आपल्याला पुरावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवली होती. त्यांचे दफन सां-दिए येथेच झाले.