तोफांचे नांगर करणारा माणूस: लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि कमी पैशात इंजिन बांधायची गोष्ट

मागच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो, बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात. मामांच्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हट्टाला पेटलं होतं. हँडल मारून मारून खांदे भरून आले तरी चालू होईना, आणि झालंच तर निळा धूर सोडायचं. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि नवीन इंजिन घेण्याइतके पैसे हातात नव्हते.

शेवटी इंजिन बांधायचं ठरलं. मिस्त्रींनी ते उघडलं आणि आधी फक्त मोजमाप घेतलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टनने हवा दाबली की ती इतकी तापते की त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या की दाब गळतो, मग इंजिन चालू कसं होणार? क्रँक मापात होता, तो तसाच ठेवला. लायनर, पिस्टन आणि रिंगा नवीन टाकल्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासून बसवले, नोझलचा फवारा तपासला.

काय ठेवायचं आणि काय बदलायचं, सगळं बजेट या एका निर्णयावर अवलंबून असतं. ते बघताना मला आठवले लक्ष्मणराव किर्लोस्कर. शेतातल्या पंपांवर आणि इंजिनांवर त्यांचं आडनाव आपण सगळ्यांनी वाचलंय, पण माणूस फारसा माहीत नसतो.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रं आणि यंत्रं यांचाच नाद जास्त. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराचं करिअर तिथेच थांबलं.

पण हात चांगला होता, रेषा पक्की होती. रंग सोडले आणि रेषा ठेवली! ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळत आणि पुस्तकं वाचत ते शिकत गेले.

सायकलपासून नांगरापर्यंत

नोकरी चालू असतानाच १८८८ साली भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

दुकानाला छोट्या वर्कशॉपची जोड मिळाली. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. आता हिट होणार असं वाटेल, पण झालं उलटंच. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! वस्तू चांगली असली तरी वापरणाऱ्याचा विश्वास वेगळा कमवावा लागतो, हे ॲप बनवणाऱ्या आम्हा लोकांनाही उशिरा कळतं.

नांगर खपायला लागले तोवर नवं संकट आलं. नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जागा हवी होती आणि कारखान्याला बेळगावातून उठावं लागलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. जमीन कसली, कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ! १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

लोखंड नाही? तोफा आहेत

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बाहेरून येणारा माल अडला. भट्टीला कोळसा मिळेना, ओतकामाला लोखंड मिळेना. कारखाना बंद पडायची वेळ. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून पाहिला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवल्या, त्या वितळवल्या आणि त्यातून नांगर ओतले.

या वाडीत शिवाशिव पाळायला बंदी होती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदारीचं काम दिलं. समाजाने स्क्रॅप ठरवलेल्या माणसांतही त्यांना कामाचा माणूस दिसत होता.

पुढे उसाचे चरक, पंप अशी यादी वाढत गेली. १९४६ साली, मुलगा शंतनुरावांच्या काळात, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले.

मग आपण काय करायचं?

तुमच्याकडे जुनं इंजिन असेल, पंपाचं असो की झाडं कापायच्या करवतीचं, तर पैसे काढायच्या आधी मोजा. क्रँक आणि ब्लॉक शाबूत असतील तर बांधण्यात अर्थ आहे. ब्लॉकला तडा असेल किंवा पार्ट मिळतच नसतील तर मन घट्ट करून सोडून द्या. जुनं जपण्याच्या नादात पैसे ओतू नका. लक्ष्मणरावांनीही रंगांच्या मागे लागून आयुष्य घालवलं नाही.

अपग्रेड म्हणाल तर मामांच्या इंजिनात एकच झालं: फुटका एअर फिल्टर काढून धड बसणारा टाकला. रिंगा खाल्ल्या होत्या त्या आमच्याच शेतातल्या धुळीने. तो फिल्टर तसाच ठेवला असता तर नव्या रिंगांचंही तेच झालं असतं.

चौथ्या हँडलला इंजिन चालू झालं. धूर आधी काळा आला, मग दिसेनासा झाला. संध्याकाळपर्यंत हरभऱ्याचे अर्धे वाफे भिजले होते.