कापरेकरांचा छंद आणि हिंगोलीची मुले

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा येथे उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. प्रकल्पाचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या जगातील मोजक्या स्थळांत या जिल्ह्याची गणना व्हावी, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु वेधशाळा कुंपणाच्या आत राहते. गणिताची गोडी कुंपणाबाहेरच्या मुलांत निराळ्या प्रयत्नांनी रुजवावी लागते. त्यासाठी किती थोडे भांडवल पुरते, हे देवळालीच्या एका शिक्षकाच्या चरित्रावरून ध्यानी येते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९२७ साली स्वतंत्र गणिती कार्याबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढीच त्यांची साधनसंपत्ती होती.

संख्यांचे अंक उलटसुलट करून पाहणे हा त्यांचा छंद. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग, २० आणि २५, मिळविले की पुन्हा ४५ येतात. अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून २१ तयार करता येतात, कारण १५ अधिक ६ म्हणजे २१. २० मात्र कशानेही तयार होत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले.

त्यांची कीर्ती दूरवर पोचविली ती ६१७४ या संख्येने. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ पासून आरंभ केल्यास ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ येते. उत्तर तीन अंकी आले तर आरंभी शून्य लिहून पुढे जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथून पुढे उत्तर बदलत नाही. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

देशातील अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. कापरेकरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या आणि छंद सोडला नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांची ओळख करून दिली, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उत्तरायुष्यातच गणनाची साधने पालटत होती. आज्ञावली साठविणारे हातातले गणकयंत्र, ह्यूलेट-पॅकार्डचे एचपी-६५, १९७४ साली आले. त्याची किंमत ७९५ डॉलर होती. आलेख काढणारे पहिले गणकयंत्र कॅसिओने १९८५ मध्ये विक्रीस आणले. अंक सुटे करा, क्रम लावा, वजा करा, पुन्हा आरंभ करा, ही कापरेकरांची क्रिया म्हणजे नवशिक्यासाठी तयार आज्ञावलीच होय. शून्याने सुरू होणाऱ्या धरून तपासावयाच्या संख्या ९,९९० भरतात. यंत्र त्या तपासून देईल. तपासण्याजोगे काही आहे, ही शंका मात्र माणसालाच यावी लागते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक सोयीची गोष्ट घडते. नवे यंत्र आले की जुन्याची किंमत उतरते, उपयुक्तता मात्र तेवढी उतरत नाही. वापरलेले आलेखी गणकयंत्र घेताना सेल गळून पट्ट्या गंजल्या आहेत काय, पडद्यावरील एखादी ओळ गेली आहे काय आणि सर्व कळा दाबल्या जातात काय, एवढे पाहिले तरी बहुतेक काम भागते. आज्ञावली लिहिता येणाऱ्या अशा यंत्राला इंटरनेट लागत नाही आणि वीज गेल्याने त्याचे काही अडत नाही.

सेनगाव, कळमनुरी, वसमत येथील शाळांनी अशी चार-दोन यंत्रे कपाटात ठेवावीत आणि आठवड्यातून एक तास, परीक्षेचा धाक न घालता, ती मुलांच्या हाती द्यावीत. हा खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून अधिक होणार नाही. मुलांचे प्रश्न पोरखेळ म्हणून उडवून न देणारा एक शिक्षक तेवढा त्या तासाला हवा. तो मिळविणे हे यंत्र मिळविण्याहून अवघड आहे, आणि जिल्ह्याच्या शिक्षणव्यवस्थेची कसोटी तेथेच लागणार आहे.