पहाटे फिशटँकमधले मासे वर का येतात? उत्तर आहे १७७९ च्या प्रयोगांत

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातल्या फिशटँकचे पाणीही कोमट होते. त्यात रात्री वीज गेली, एअर पंप बंद पडला, की पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. टाकीत भरपूर हिरव्या वनस्पती असूनही असे का होते? याचे उत्तर यान इंगेनहाऊझ या डच डॉक्टरच्या कामात सापडते.

इंगेनहाऊझ यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधील ब्रेडा येथे झाला. काही वर्षे गावीच डॉक्टरकी केल्यावर ते इंग्लंडला गेले आणि देवीच्या रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचण्याची पद्धत शिकले. जेन्नर यांची लस यायला अजून बराच काळ होता. १७६८ मध्ये त्यांनी व्हिएन्नातील सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या कुटुंबीयांना टोचले. हा मोठा जुगार होता, कारण या टोचणीने जीवही जाऊ शकत असे. पण सगळे सुखरूप राहिले. राजवैद्यपद आणि कायमचे वेतन मिळाल्याने पुढे प्रयोगांना मोकळा वेळ मिळाला.

वनस्पती बिघडलेली हवा सुधारतात, हे जोसेफ प्रीस्टली यांनी आधीच दाखवले होते. मात्र त्यांचे निकाल कधी जुळत, कधी उलटे येत. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ इंगेनहाऊझ यांनी तीनेक महिन्यांत ५०० हून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे यायचे, अंधारात थांबायचे. म्हणजे प्राणवायू फक्त हिरवे भाग सोडतात, तेही उजेडात. रात्री हीच झाडे हवा खराब करतात, हेही त्यांनी त्याच वर्षी पुस्तकात मांडले. श्रेयावरून पुढे वाद झालाच!

रात्री झाडांजवळ झोपू नये, असे आपल्याकडेही सांगतात. खोलीत मात्र दोन-चार कुंड्यांनी काही बिघडत नाही. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना नऊच्या आसपास. दिवे बंद झाले की मासे, वनस्पती आणि तळाच्या गाळातले जिवाणू असे सगळेच या तुटपुंज्या साठ्यावर जगतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पातळी सर्वांत खाली असते. फायटर किंवा गौरामी मधूनमधून वर आले तर घाबरू नये, ते थेट हवेतूनही श्वास घेतात. पण गोल्डफिशसह सगळेच वर जमले, तर लगेच पाणी हलवावे. मग आणि बादली पुरते. पृष्ठभाग हलला की हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. रात्री जास्तीचे खाद्यही टाकू नये, ते कुजताना प्राणवायू खाते.

इंगेनहाऊझ यांचे निधन ७ सप्टेंबर १७९९ रोजी इंग्लंडमधील बोवुड हाऊस येथे झाले. याच वाड्यात प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये प्राणवायू वेगळा केला होता.